ग्वाक साहेब आणि बाराव्या मजल्यावरची वडी

"चिऽकट तांदळाची वडीऽऽ... कुट्टूची लुसलुशीत वडीऽऽ..."

थंडीच्या दिवसांत, चुली पेटायच्या वेळेला, हा आवाज गल्लीच्या तोंडाशी यायचा. त्याला घाई नसायची. तो उतारावरून हळूहळू उतरायचा, नळाच्या वळणावर थबकायचा आणि शेवटचं अक्षर पतंगाच्या शेपटीसारखं मागे सोडून द्यायचा. लहानगा ग्वाक दोंग-मान पांघरुणात कान टवकारून पडलेला असायचा. आई म्हणायची, "जा, दोन आण. वाफ निघतेय का बघून घे." तो धावत दारात जाई, तर शेजारची दारं त्याच्या आधीच उघडलेली असत. त्या वडीवाल्याने जन्मात कुणाचं दार ठोठावलं नव्हतं. बेल दाबणं तर त्याला ठाऊकच नव्हतं.

इतक्या वर्षांनी ग्वाक साहेबांना तो आवाज आठवला, तो एका नरसाळ्यामुळे.

नरसाळं भिंतीवरच्या पडद्यावर होतं. शेजारी काठी घेऊन टीमलीडर प्यो जी-वन उभी होती. कंपनी घरोघर भाड्याने पाणी शुद्ध करायची मशीनं बसवणारी, देजॉन शहरातली. ग्वाक साहेब तिथले सर्वांत जुने विक्रेते आणि प्यो सर्वांत नवी टीमलीडर. वयाने ती त्यांच्या धाकट्या मेहुणीपेक्षाही लहान. पण हुद्द्याने मोठी, म्हणून साहेबांना तिच्यापुढे कमरेत वाकावं लागे, आणि वयाने ते मोठे, म्हणून तिलाही वाकावं लागे. सकाळची पहिली काही मिनिटं दोघं एकमेकांना आळीपाळीने वाकण्यातच घालवत.

"बाजार बदललाय," प्यो म्हणाली. "दारोदार फिरणं संपलं. फोन करणं संपलं. आता वरून हजार अनोळखी माणसं ओतायची. मधे त्यांचं कुतूहल वाढतं, विश्वास वाढतो, आणि खालून ग्राहक पडतो."

"आणि नरसाळं चोंदलं तर?" ग्वाक साहेबांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. साहेबांनी ते विनोद म्हणून विचारलंच नव्हतं. त्यांचं स्वतःचं नरसाळं गेली दोन वर्षं चोंदलेलंच होतं.

सभा संपल्यावर प्योने त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, मुख्य कचेरीतून आलंय. महिनाअखेरपर्यंत तीन नवीन करार. नाहीतर तुमची बदली भविष्य नियोजन कक्षात."

भविष्य नियोजन कक्ष म्हणजे गोदामामागची एक खोली. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि समोर भिंत. फोन नाही, काम नाही, बोलायला माणूस नाही. माणूस सकाळी जाऊन भिंतीकडे बघत बसतो आणि काही आठवड्यांनी आपल्या हाताने राजीनामा लिहितो. कंपनीने आजवर कुणालाही काढून टाकलेलं नाही, ही गोष्ट तिच्या वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापलेली असते.

ग्वाक साहेबांनी प्रयत्न केला नाही, असं कुणी म्हणू नये. फोनचा त्यांना चांगला सराव होता. पण हल्ली लोकांच्या फोनमध्ये चहाडखोर सोयी आल्या आहेत. साहेबांचा नंबर दिसला की समोरच्याच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटत: 'सावधान, पाणीवाला.' परवा सासूबाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला त्यांनी फोन केला, तर त्यांनीही कट केला.

"मला वाटलं पाणीवाला आहे," सासूबाई नंतर म्हणाल्या.

"आई, मीच पाणीवाला आहे."

"हो ना. मला वाटलं विकायला केलात."

मग त्यांच्या घराखालच्या कोंबडीच्या दुकानाचे मालक बे काका यांनी सल्ला दिला. या काकांचा सल्ला तळणाच्या वासासारखा, न मागता घरात येतो. "व्हिडिओ टाका. माझा भाचा नुसता कोंबडी तळल्याचा आवाज टाकतो. लाखो लोक ऐकतात, म्हणे ऐकून झोप लागते. तुमचं तर पाणी आहे. पाण्याचा आवाज कुणाला नको?"

साहेबांनी रविवारी स्वयंपाकघरात पडदे लावले, मशीनसमोर फोन उभा केला आणि पेल्यात अगदी बारीक धार सोडून तिचा आवाज जगाला अर्पण केला. बायको मी-रान श्वास रोखून उभी होती. आठवडाभराने त्यावर एकच अभिप्राय आला: 'दोन दिवसांपासून अडलं होतं. ऐकून लगेच जावं लागलं. धन्यवाद.'

अभिप्राय वाचून साहेब बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खालून तळणाचा वास येत होता. कुठल्याशा घराची खिडकी उघडली गेली, आणि त्या आवाजाबरोबर त्यांना ती गल्ली आठवली, नळाचं वळण, आपोआप उघडलेली दारं. लोक विकणाऱ्याला दार उघडत नाहीत, हे खरंच. पण वाफ निघणाऱ्या वडीला?

योगायोगाने एका दाराची किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांचे जुने ग्राहक, निवृत्त हेडमास्तर सोक, मुलाकडे जेजू बेटावर राहायला गेले होते. त्यांचा फ्लॅट विकला जाईपर्यंत आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या आणि नळ सोडून बघायचे, एवढी विनंती ते साहेबांना करून गेले होते. फ्लॅट नंबर १२०३, इमारत १०३, वसाहतीचं नाव रिव्हर फॉरेस्ट हिल्स द क्लासिक. तिथे नदी नाही, जंगल नाही आणि टेकडी होती ती इमारतीसाठीच सपाट केली. पण खालच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे, वॉचमन आहे आणि बाहेरच्या विक्रेत्याला आत पाऊल टाकायची सोय नाही.

पुढच्या बुधवारी साहेबांनी मिठाईवाल्याकडून तांदळाच्या वड्यांची अख्खी पाटी वाफवून घेतली. खाली चिकट तांदूळ, वर लाल चवळीचा जाड चुरा. ही वडी आपल्याकडे नवीन घरात राहायला आलेला माणूस शेजाऱ्यांना वाटतो. लाल रंगाने घरातली इडापिडा पळते आणि गोडाने शेजार जुळतो. साहेबांनी १२०३ च्या ओट्यावर वड्या कापल्या, हेडमास्तरांच्याच बशांत मांडल्या आणि समोरच्या १२०४ ची बेल दाबली. मनात वाक्य तयार होतं: 'मी पाण्याची मशीनं बसवतो, वडी गोड मानून घ्या.'

दार उघडलं. एक ठेंगणीशी म्हातारी. तिने वडीकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"अगं बाई, वडी," ती म्हणाली. "नवीन आलात होय? किती वर्षांनी कुणी वडी घेऊन आलं या मजल्यावर. मी म्यंग. सगळे आजीच म्हणतात. थंडीत उभे का? गुडघे दुखत नाहीत ना तुमचे?"

साहेबांच्या तोंडातलं वाक्य तोंडातच विरघळलं. ते खोटं काही बोलले नाहीत, हे इथे नोंदवलं पाहिजे. ते काहीच बोलले नाहीत. आपल्या देशात लाल चवळीची गरम वडी हातात घेऊन दारात उभा असलेला माणूस कोण, हे कुणी विचारत नाही. वडीने आधीच सांगितलेलं असतं. संध्याकाळपर्यंत चार मजले झाले. सगळी दारं उघडली. इतकी उघडी दारं साहेबांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, आणि त्या आनंदात एकाही दारात मशीनचा विषय काढायचं भान त्यांना राहिलं नाही.

आपली मंडळी बशी रिकामी परत करत नाहीत. गेटवरच्या वहीत साहेबांचा नंबर १२०३ पुढे लिहिलेलाच होता, दुसऱ्याच दिवशी वॉचमनचा फोन आला. "१२०३ साहेब, तुमच्या दारात डबे साचलेत. मुळ्याची किमची फुगून झाकण उडालंय. लिफ्टमध्ये वास येतोय."

साहेब बस पकडून धावले. दारात किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाज्यांचे, तीन डबे, तिळाच्या पानांचं लोणचं, तळलेली सुकी मासळी आणि कुणीतरी विणलेलं भांडी घासायचं फुलाफुलांचं फडकं होतं. ते सगळं घरी आणणं भाग होतं. मी-रानने जेवताना किमचीचा एक घास घेतला आणि चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"ही कुणाच्या हातची?"

"ऑफिसमधल्या एकाने दिली."

"ऑफिसमधला एक किमचीत खारवलेली कोळंबी घालतो? आणि नाशपाती किसून? अहो, ही साठीच्या पुढची, दक्षिणेकडची बाई आहे. हात हलका आहे. आणि तिला तुमच्याविषयी काळजी आहे. तिखट कमी घातलंय."

माणूस पोलिसांपुढे खोटं बोलू शकतो. बायको किमची चाखत असेल तर बोलू नये. साहेबांनी सगळं सांगितलं. नरसाळं सांगितलं, वडी सांगितली, तीन करार सांगितले. भविष्य नियोजन कक्षातली भिंतही सांगितली, जी त्यांनी सांगायची नाही असं ठरवलं होतं. मी-रानने उठून डबे मोजले.

"हे डबे रिकामे परत करायचे नाहीत," ती म्हणाली. "मी तिळाच्या तेलातली भाजी करते. पण नंतर जे सांगायचं ते सांगा त्यांना."

पुढे जे झालं त्याला व्यापार म्हणावं की वनवास, हे ठरवणं कठीण आहे. डबा गेला की डबा आला. वडीच्या बदल्यात किमची, किमचीच्या बदल्यात भाजी, भाजीच्या बदल्यात शिजवलेलं डुकराचं मांस, मांसाच्या बदल्यात मी-रानच्या हातचं लोणचं. साहेब रोज सकाळी पिशव्या भरून निघत आणि संध्याकाळी पिशव्या भरून परतत. एकही मशीन विकलं गेलं नव्हतं, पण सहाव्या मजल्यावरच्या सूनबाईला कांदा चालत नाही आणि नवव्या मजल्यावरच्या आजोबांना कवळी बसत नाही, हे साहेबांना पाठ झालं होतं. म्यंग आजींच्या दारात तर ते रोज उभे राहत. आजी गुडघ्यांविषयी बोलत, साहेब ऐकत. तोंडाशी आलेलं वाक्य रोज परत जाई.

मग व्यवस्थापन कचेरीतून बोलावणं आलं. खिडकीमागची बाई पडद्याकडे बघत होती.

"१२०३. तुमचा ओला कचरा शून्य ग्रॅम आहे."

आपल्याकडे ओल्या कचऱ्याच्या पेटीला कार्ड दाखवावं लागतं, झाकण उघडतं, कचऱ्याचं वजन होतं आणि ते त्या घराच्या नावावर चढतं. या बाबतीत सरकारची नजर देवापेक्षा बारीक आहे.

"मी कमी खातो," साहेब म्हणाले.

"कमी खाणाऱ्याचा कमी येतो. शून्य येत नाही. तुम्ही कचरा शेजारच्या पेटीत टाकता का? त्याला दंड आहे."

दुसऱ्या दिवसापासून ग्वाक साहेब आपल्या घरचा ओला कचरा बसमधून शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायला आणि हेडमास्तरांनी मागे ठेवलेल्या कार्डावर वसाहतीच्या पेटीत टाकायला लागले. सूट, टाय, एका हातात डब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कोबीचे देठ. बसमध्ये त्यांच्या आजूबाजूच्या जागा आपोआप रिकाम्या होत. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं.

"कांद्याच्या साली ओल्या कचऱ्यात चालत नाहीत, १२०३. इतकी वर्षं कुठल्या गावात राहत होता?"

अपमान गिळायची साहेबांना धंद्याने सवय लावली होती. पण कांद्याच्या सालीवरून ऐकून घ्यायची वेळ यापूर्वी आली नव्हती.

या सगळ्याचा परिणाम उलटा झाला. रोज डबे घेऊन जिना चढणारा, सगळ्यांची पथ्यं जाणणारा, कचऱ्याच्या बाबतीत लगेच सुधारणारा माणूस वसाहतीचे अध्यक्ष योम यांच्या डोळ्यांत भरला. योम निवृत्त सैनिकी अधिकारी. बोलताना समोर पलटण उभी असल्यासारखं बोलत.

"ग्वाक साहेब, इमारत १०३ चं प्रतिनिधीपद चार वर्षं रिकामं आहे. तुम्ही घ्या."

"पण मी नवीन..."

"नवीनच हवा. जुने सगळे एकमेकांशी भांडलेत. कागदपत्रं नंतर बघू."

कचऱ्याच्या कार्डासाठी चार कागद आणि ओळखपत्र मागणाऱ्या वसाहतीला प्रतिनिधीपदासाठी काहीच लागलं नाही. साहेब नाही म्हणणार होते. पण 'प्रतिनिधी' हा शब्द ऐकून त्यांच्या मनात कुठेतरी वाफ निघाली. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही घ्या म्हटलं नव्हतं. लोक त्यांना नको म्हणत आले होते.

पहिली जबाबदारी म्हणून योमनी त्यांच्या दंडावर हिरवी पट्टी बांधली. पट्टीवर लिहिलं होतं: 'विक्रेते प्रतिबंध पथक, प्रमुख.'

साहेबांनी पट्टीकडे पाहिलं. पट्टीने साहेबांकडे पाहिलं.

ते या कामात फारच तरबेज निघाले. निघणारच. गॅस तपासायला आलोय म्हणणारा विमेवाला त्यांनी बुटांवरून ओळखला. सर्वेक्षण म्हणून आलेली गाद्या विकणारी बाई त्यांनी हसण्यावरून ओळखली. वॉचमन त्यांना सलाम करू लागला. महिना संपत आला होता, करार शून्य होते, आणि ग्वाक साहेब शहरातल्या विक्रेत्यांत दहशत म्हणून प्रसिद्ध होत होते.

महिनाअखेरच्या आधीच्या शनिवारी वसाहतीची सभा भरली. मी-रानने स्वतः तळलेल्या भज्यांचं ताट दिलं होतं. योम नियम वाचत होते, एवढ्यात वॉचमन एका बाईला घेऊन आत आला. हातात मोठी पिशवी, पिशवीत ओल्या रुमालांची पाकिटं, प्रत्येक पाकिटावर पाण्याचा थेंब छापलेला.

"दारोदार रुमाल वाटत होती," वॉचमन म्हणाला. "पाण्याची मशीनं विकते."

ती प्यो जी-वन होती. नरसाळ्याची काठी धरणारे तिचे हात पिशवीच्या बंदात गुंतले होते. वरच्या कचेरीने तिच्याही डोक्यावर आकडा बसवला होता, आणि तिच्या नरसाळ्यातून काहीच पडलं नव्हतं. म्हणून तीही चोरून तेच करत होती, जे मेलं असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

तिने साहेबांना पाहिलं. पट्टी पाहिली. आणि मान खाली घातली. ओळखीचा एक शब्दही तिने तोंडातून काढला नाही.

"प्रमुख," योम म्हणाले, "या बाईंना ओळखता?"

नाही म्हटलं असतं, तर विषय संपला असता. पट्टी राहिली असती, सलाम राहिला असता, डबे येत राहिले असते. साहेबांनी पट्टी सोडली. गाठ सैनिकी होती, ती सुटायला वेळ लागला, आणि तोवर सगळी सभा बघत बसली.

"ओळखतो. या माझ्या टीमलीडर. मीही पाण्याची मशीनं विकतो. आणि मी १२०३ मध्ये राहत नाही. कचरा मी बसने आणतो."

सहाव्या मजल्यावरची सूनबाई म्हणाली, "म्हणजे ती कांद्याशिवायची भाजी?"

"माझ्या बायकोने केली."

"तिला पाककृती विचारून ठेवा," ती म्हणाली आणि भजी उचलली.

योमना मात्र भज्यांनी मऊ करता येत नाही. नियम म्हणजे नियम. सोमवारी लिफ्टमध्ये, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, नोटीस लागली. त्यात साहेबांचं छायाचित्र, नाव, कंपनी, धंदा आणि फोन नंबर होता, खाली लाल अक्षरांत: 'हा इसम पाण्याची मशीनं विकतो. दिसल्यास कळवावे.'

लिफ्टमध्ये वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मंगळवारी पहिला फोन आला.

"तुम्हीच का ते, दिसल्यास कळवावे?"

"हो."

"पाचव्या मजल्यावरून बोलतोय. आमच्या नळाला गंज येतो. महिन्याचं भाडं काय पडेल?"

लोक स्वतःहून फोन करत होते. लाल अक्षरांनी सावध केल्यावर करत होते. बुधवारी नवव्या मजल्यावरच्या आजोबांनी बोलावलं. दोन करार झाले. प्यो धावत आली आणि वाकण्याचा कार्यक्रम विसरून तिने विचारलं, "साहेब, ही कुठली पद्धत?" दुपारपर्यंत मुख्य कचेरीला तिचा अहवालही गेला. त्यात नरसाळं उलटं छापलं होतं आणि खाली नाव होतं 'नकारात्मक आकर्षण पद्धत'. पुढच्या महिन्यात सगळ्या शाखांनी आपापल्या विक्रेत्यांच्या बदनामीच्या नोटिसा छापून घ्याव्यात, असा विचार सुरू झाल्याचं कळलं.

पण करार दोनच होते. तिसरा हवा होता, आणि गुरुवार हा महिन्याचा शेवटचा दिवस होता. भविष्य नियोजन कक्षातलं टेबल पुसून ठेवल्याचं शिपायाने सकाळीच कानावर घातलं होतं. आणि म्यंग आजींचा फोन आला नव्हता. त्या गुडघ्यांमुळे सभेला आल्या नव्हत्या, पण लिफ्टने तर जातात. नोटीस त्यांनी वाचली असणार. रागावल्या असतील. साहेबांना भिंतीपेक्षा याचंच जास्त वाईट वाटत होतं.

दुपारी ते गरम वडी घेऊन बाराव्या मजल्यावर गेले. वॉचमनने, नियमाप्रमाणे कळवावं की सलाम करावा, या विचारात दोन्ही केलं. आजींनी दार उघडलं. आज पहिल्यांदा त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "आत या. किती दिवस उंबऱ्यात उभे राहणार?"

साहेब बूट काढून आत गेले. खालून तापवलेल्या फरशीवर बसले. वडीची बशी त्यांनी पुढे सरकवली आणि इतके दिवस तोंडात विरघळत आलेलं वाक्य एका दमात बाहेर काढलं. "आजी, माझं चुकलं. मी विक्रेता आहे. आज शेवटचा दिवस आहे. एक करार कमी पडतोय, नाहीतर मला भिंतीसमोर बसवतील. तुम्ही मशीन घेतलंत तर उपकार होतील. नाही घेतलंत तरी वडी ठेवून घ्या."

आजी स्वयंपाकघरात गेल्या. पाण्याची बारीक धार पडल्याचा आवाज आला. त्या पेला घेऊन परत आल्या, तेव्हा साहेबांचं लक्ष त्यांच्या मागे, ओट्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथे पांढरं मशीन होतं. त्यावर पाण्याचा थेंब छापलेला होता.

"सहा वर्षं झाली," आजी म्हणाल्या. "तुमच्याच कंपनीचं. पहिल्या दिवशीच तुमच्या खिशाला तोच थेंब होता, पेनावर."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"वडी मला चालत नाही. साखर आहे मला. तुमच्या सगळ्या वड्या फ्रीजरमध्ये पडल्यात, हव्या तर घेऊन जा."

"मग बोलला का नाहीत, आजी?"

आजींनी गुडघा धरून खाली बसायला बराच वेळ घेतला. पेला साहेबांपुढे सरकवला.

"'आहे माझ्याकडे' म्हटलं असतं, तर तुम्ही 'बरं' म्हणून गेला असता," त्या म्हणाल्या. "'आहे' म्हटलं की तुम्ही लोक पुन्हा बेल वाजवत नाही."